अँटिव्हायरसवाले राखण करतात की घाबरवतात? (बाबांचा लॅपटॉप पंच्याखाली)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज रागाने लिहितेय.

माझे बाबा सांगलीला एकटे राहतात. वय ७६, निवृत्त गणित शिक्षक. दोन वर्षांपूर्वी त्यांना लॅपटॉप घेऊन दिला. अभंग ऐकणं, पेन्शनची स्लिप काढणं, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, एवढाच वापर. त्यात एका बड्या कंपनीचा अँटिव्हायरस आधीपासून होता, वर्षभर फुकट. (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.) फुकटचं वर्ष संपलं तेव्हा बाबांनी मला न विचारता ८९९ रुपये भरले.

गेल्या शनिवारी न कळवता गेले. लॅपटॉप टेबलावर बंद, वर पंचा टाकलेला. चार्जर काढून, गुंडाळी करून कपाटात. आठवड्यात दोनदा बँकेत जाऊन पासबुक भरून आणलेलं. आधी काही सांगेनात. मग म्हणाले, "त्यात १७ धोके निघालेत. मी काही उघडलं नव्हतं गं." वर्गात कॉपी सापडलेला मुलगा बोलतो ना, त्या सुरात. आयुष्यभर अशा मुलांना पकडणारा माणूस!

लॅपटॉप चालू केला. कोपऱ्यात लाल चौकट: तुमची ओळख धोक्यात, १७ समस्या सापडल्या. त्याखाली रुंद हिरवं बटण, 'आत्ताच दुरुस्त करा'. त्याच्याही खाली राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरात 'नको, मी धोका पत्करतो'. (सगळं इंग्रजीत. बाबांनी शब्दकोश काढून अर्थ लावला होता.) हिरवं दाबलं, तर दुरुस्ती नाहीच, वरच्या प्लॅनचं दुकान उघडलं. मग ते १७ धोके एकेक करून पाहिले. १२ कुकीज (वेबसाइट आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदी). ३ टेंपररी फायलींचे ढीग. एक 'व्हीपीएन बंद आहे', आणि हे व्हीपीएन (इंटरनेटवर आपली ओळख झाकणारी सोय) वरच्या प्लॅनमध्येच मिळतं. एक 'तुमचा ईमेल अजून तपासलेला नाही'. व्हायरस शून्य.

आणि हो, याच महिन्यात कार्डावरून नूतनीकरणाचे २,४९९ आपोआप गेलेत. गेल्या वर्षी ८९९ होते.

हे कायद्यात बसतं का? आणि हे काढून टाकलं तर बाबांचा लॅपटॉप उघडा पडेल का?

खडूस_खापरपणजोबा

१२ कुकीज? आमच्याकडे त्याला नानकटाई म्हणतात. धोका एकच, शुगर.

लिनक्सबाबा

विंडोज काढा, लिनक्स टाका. विषय संपला.

चिंच_गूळ

@लिनक्सबाबा, तुम्ही दर धाग्यावर हेच टाकता. काकांना शिकवायला सांगलीला जाणार असाल तर एसटीचं भाडं माझ्याकडून.

शून्यप्रहर

मी याच क्षेत्रात नोकरी करतो, त्यामुळे आधी ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, उघडा पडणार नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, विंडोजमध्येच येतो. दुसरा अँटिव्हायरस असला की तो बाजूला होतो, दुसरा काढला की आपोआप कामाला लागतो. स्वतंत्र प्रयोगशाळांच्या चाचण्यांत तो गेली काही वर्षं पैसे देऊन घेतलेल्यांच्या बरोबरीने उतरतो. तेव्हा सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून तो विकतचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण आहे का बघा. झालं.

आता मुद्दा. कुकी म्हणजे धोका नव्हे. जाहिरातवाल्यांचा माग म्हणा हवं तर, पण तिच्याने पासबुक रिकामं होत नाही. कुठली गोष्ट 'समस्या' म्हणून मोजायची हे कंपनीच ठरवते, आणि शून्य दाखवलं तर प्लॅन विकला जात नाही. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे.

पण म्हणून अँटिव्हायरस ही थापच, असं मात्र कुणी इथे सुरू करू नये. खरे हल्ले होतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर (व्हायरससारखं घातक सॉफ्टवेअर) घुसवून ९४ कोटी नेले, ते काही नानकटाईने नेले नाहीत.

चिंच_गूळ

मला यात आमच्या गल्लीतले ज्योतिषी दिसतात. पत्रिका बघायचे पैसे नाहीत. पत्रिकेत दोष निघणार हे ठरलेलं. शांतीचे पैसे. आणि शांती केल्यावर "आता चिंता नाही" असं कधीच नाही, "सध्या टळलंय" असं.

साडेसाती निदान साडेसात वर्षांनी संपते. या अँटिव्हायरसचं दर वर्षी ऑटो-रिन्यूअल.

खडूस_खापरपणजोबा

आणि शनीला फक्त तेल लागतं, क्रेडिट कार्ड नाही.

फ्लॉपी

या भीतीचा मुहूर्त मी डोळ्यांनी पाहिलाय. १९९२. मी फोर्टात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात. अख्ख्या मजल्याला चार संगणक, एसीच्या खोलीत, बाहेर चपला काढायच्या. तेव्हा मायकेलएंजेलो नावाच्या व्हायरसची हवा होती. ६ मार्च, त्या चित्रकाराचा वाढदिवस, त्या दिवशी संगणक चालू केला की डिस्क पुसली जाणार. अमेरिकेत एक अँटिव्हायरस विकणारे गृहस्थ, जॉन मॅकाफी, त्यांनी ५० लाख संगणकांपर्यंतचा आकडा सांगितला आणि तो जगभर छापून आला. आमच्याकडे ५ तारखेला साहेबांनी सगळ्या मशीनची तारीख पुढे ढकलून ठेवली, ६ मार्च उगवूच नये म्हणून. त्या दिवसाच्या सगळ्या व्हाउचरवर चुकीची तारीख पडली आणि आम्ही पुढचे चार दिवस व्हाइटनर लावत बसलो. व्हायरसने केलं नसतं एवढं नुकसान.

जगभरात प्रत्यक्षात फटका बसला तो काही हजार संगणकांना. पण त्या महिन्यात अँटिव्हायरसच्या फ्लॉप्या धडाधड खपल्या. म्हणजे व्हायरस खरा होता बरं का, खोटा नव्हता. आकडा फुगवलेला होता. तोच फुगा अजून हवेत आहे.

कृष्णाकाठ

@फ्लॉपी काका, व्हाइटनर! बाबांना वाचून दाखवते.
@शून्यप्रहर धन्यवाद. रविवारी जाऊन काढते. फोनवर सांगून जमणार नाही, ते लॅपटॉपला हातच लावत नाहीयेत.

संगणकवाला

मी कोल्हापुरात गेली १९ वर्षं दुकान चालवतोय. माझ्यासारख्यांवर दगड पडणारच आहेत, तर मीच पुढं येतो.

होय, अँटिव्हायरसच्या डबीवर आम्हाला बरे सुटतात. लॅपटॉपवर ग्राहक ऑनलाइन भाव दाखवून जीव काढतो, तिथं काही उरत नाही. डबी दिली की चहापाणी सुटतं. पण शून्यप्रहर साहेब, तुमचा डिफेंडर इंटरनेटवर असला की वाघ. नेट नसलं की त्याची पकड ढिली पडते, हे त्याच प्रयोगशाळांच्या अहवालात आहे, बघा. माझं गिऱ्हाईक कोण? झेरॉक्सवाला, महा-ई-सेवावाला, शाळेतला क्लार्क. दिवसाला पन्नास लोकांचे पेनड्राइव्ह लागतात. तो शॉर्टकट व्हायरस आठवतोय का? सगळे फोल्डर गायब आणि जागेवर शॉर्टकट? तलाठी भरतीच्या फॉर्मच्या दिवसांत माझ्याकडं रांग लागायची नुसती. पोरं रडायची हो, सर्टिफिकेटं गेली म्हणून. ती लपवलेली असायची फक्त. तिथं चांगला अँटिव्हायरस उपयोगी पडतो, मी स्वतः बसवून देतो आणि पैसे घेतो.

पण ताईंच्या वडिलांना मी तो विकला नसता, एवढं इमानेइतबारे सांगतो.

आणि सगळ्यांना एका माळेत ओवू नका. क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी पुण्यातल्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिली, ती घाबरवून नव्हे. नव्वदच्या दशकात दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये खरोखरच व्हायरस सापडायचे, म्हणून.

लिनक्सबाबा

शॉर्टकट व्हायरस लिनक्सवर चालत नाही.

संगणकवाला

@लिनक्सबाबा टॅलीपण चालत नाही, मालक.

सिएटलची_सई

दुकानांचा विषय निघालाच आहे तर इकडची गोष्ट सांगते. ऑफिस डेपो म्हणजे इकडे स्टेशनरी, प्रिंटर, संगणक विकणाऱ्या दुकानांची मोठी साखळी. तिथे 'पीसी हेल्थ चेक' नावाची फुकट तपासणी असायची. तपासणीच्या सुरुवातीला कर्मचारी तुम्हाला चार प्रश्न विचारणार: संगणक हळू चालतो का, मध्येच बंद पडतो का, व्हायरसची सूचना दिसते का, नको त्या जाहिराती येतात का. तुम्ही एकालाही 'हो' म्हणालात की तो चौकटीत टिचकी मारणार. मग स्कॅन चालायचं, पट्टी सरकायची, आणि शेवटी निकाल: मालवेअरची लक्षणं आढळली.

गंमत अशी की निकाल ठरायचा तो त्या टिचकीवरून. स्कॅनचा त्याच्याशी काही संबंध नव्हता! संगणक हळू चालतो एवढं म्हणालात की मालवेअर. मग दुरुस्तीचे शेकडो डॉलर.

२०१६ मध्ये सिएटलच्या एका टीव्ही वाहिनीने खोक्यातून नुकतेच काढलेले कोरे संगणक या दुकानांत नेले. ६ पैकी ४ दुकानांनी त्यात आजार काढला. पुढे फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी इकडची सरकारी संस्था) हात घातला आणि २०१९ मध्ये साडेतीन कोटी डॉलरवर तडजोड झाली. अडीच कोटी ऑफिस डेपोचे, एक कोटी ते सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमचे. कमिशनचं म्हणणं, हे २००९ पासून चाललं होतं. त्यातले पैसे पाच लाखांहून जास्त लोकांना परत मिळाले.

आमच्या शेजारच्या आजींना आला तो चेक. त्यांना वाटलं हाच नवा फ्रॉड. महिनाभर फ्रिजला चिकटवून ठेवला होता.

खडूस_खापरपणजोबा

डॉक्टरने विचारावं "थकवा येतो का?", आपण म्हणावं "येतो", आणि त्याने लगेच बायपास लिहून द्यावी!

क्षारपड

खापरपणजोबा, डॉक्टर कशाला, आरओवाला घ्या. मी रसायनशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत एक टाय लावलेला मुलगा फुकट पाणी तपासायला आला. एका ग्लासात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत दोन-दोन सळ्यांचं यंत्र बुडवलं, प्लगला लावलं. मिनिटभरात आमचं पाणी तपकिरी, वर गाळ, हिरवट फेस. त्याचं स्वच्छ. शेजारच्या वहिनींनी "अगंबाई, हे आम्ही पितो?" म्हणून नातवाच्या हातातला पेला काढून घेतला.

मी त्याला विचारलं, सळ्या कशाच्या आहेत? गप्प. लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि गंज होऊन खाली बसतं. त्याच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून काही होत नाही. घाण आमच्या पाण्यातली नव्हतीच, त्याच्या सळ्यांची होती. मी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता लाव. त्याने यंत्र गुंडाळलं आणि "मॅडम, टार्गेट असतं हो" म्हणाला. वाईट वाटलं, चहा दिला.

कृष्णाकाठ यांचे १७ धोके वाचले आणि त्या सळ्याच आठवल्या.

गोंयकार

मीठ टाकलंत ते बरं केलंत. पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५०० च्या वर असेल तर आरओ लागतोच ना? आमच्या बोअरवेलला...

क्षारपड

@गोंयकार ५०० च्या वर असेल तर घ्या. पालिकेचं पाणी असेल तर बहुधा गरज नाही. आरओ निम्म्याहून जास्त पाणी फेकून देतो, ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरा.

चिंच_गूळ

चला, धागा आरओवर गेला. पुढचं स्टेशन: कडक पाणी आणि केसगळती.

तिरकस_तिरंदाज

@शून्यप्रहर, कॉसमॉसचं उदाहरण इथे का आणलंत? तो हल्ला बँकेच्या एटीएम यंत्रणेवर होता. कुणाच्या सांगलीतल्या बाबांनी २,४९९ भरून तो थांबला नसता. नेमकी हीच युक्ती कंपन्या करतात. बातमीत कोटींचा आकडा, खाली बटण आपल्या लॅपटॉपचं. वाघ दिसला ताडोबात आणि कुत्रा विकताय दादरला.

शून्यप्रहर

@तिरकस_तिरंदाज, मान्य. उदाहरण चुकलं. दुसरं देतो, तेही माझ्याच विरुद्ध जाणारं आहे. मे २०१७ चा वॉनाक्राय, खंडणी मागणारा मालवेअर. जगभर संगणक कुलूपबंद, ब्रिटनमधली रुग्णालयं ठप्प. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच फुकट दिलं होतं. ज्यांनी अपडेट केलं होतं त्यांच्याकडे तो या वाटेने शिरू शकला नाही. पण 'अपडेट करा' यावर कुणाला लाल चौकट लावून पैसे मिळत नाहीत, म्हणून ते कुणी ओरडून सांगत नाही.

आणखी एक, माझ्याच धंद्यातलं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या त्याच कमिशनने अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. लोकांना सांगत होते, आम्ही तुमचा माग काढणाऱ्यांना अडवतो. आणि त्यांचीच जम्पशॉट नावाची उपकंपनी लोक कुठल्या साइटवर जातात ती माहिती विकत होती. म्हणजे कुकीज हा 'धोका' आहे असं ज्या धंद्यात सांगतात, त्यातल्याच एकाने स्वतः कुकीचा काका होऊन दाखवलं.

ॲपल_फणस

म्हणून मी मॅक वापरतो. शांत झोप.

तिरकस_तिरंदाज

@ॲपल_फणस, मॅकची 'साफसफाई' करणारा मॅककीपर आठवतो का? 'तुमच्या मॅकची अवस्था गंभीर' म्हणत सगळीकडे उगवायचा. २०१५ मध्ये त्यांना ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. झोपा आता.

रत्नांग्री_एक्सप्रेस

मोबाइलवाले राहिले. २०१४ मध्ये गुगलच्या प्ले स्टोअरवर व्हायरस शील्ड नावाचं ॲप होतं. किंमत ३.९९ डॉलर, दहा हजारांवर लोकांनी घेतलं. काय करायचं? ढालीवर फुली असायची, बोट लावलं की फुलीची बरोबरची खूण व्हायची. बास. आत दुसरं काही नव्हतं! गुगलला पैसे परत द्यावे लागले.

खरं तर मला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं. जाहिरात नाही, बॅटरी खात नाही, मनाला बरं वाटतं.

फ्लॉपी

अंगाऱ्यासारखं. कपाळाला लावायचा, परीक्षेला जायचं.

ॲड_वऱ्हाडी

मूळ प्रश्नाचा पहिला भाग, कायद्यात बसतं का, त्याला कोणी हातच नाही लावला. मी नागपूरला ग्राहक आयोगात कामं चालवतो, थोडं सांगतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न' रोखायची मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे स्क्रीनची मांडणीच अशी करायची की माणूस फसावा. त्यात १३ प्रकार दिले आहेत. ताईंची ती राखाडी ओळ, 'मी धोका पत्करतो', नकार देणाऱ्याला ओशाळं करणारी, तिला 'कन्फर्म शेमिंग' म्हणतात. 'आत्ताच' म्हणून खोटी घाई लावली, तोही प्रकार यादीत आहे. वर्गणी सहज घेता येते पण सोडता येत नाही, तो 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'. आणि यादीत शेवटचा तेरावा आहे, संगणकात व्हायरस आहे असं भासवून पैसे काढणं. त्याचं नाव 'रोग मालवेअर' (इंग्रजी rogue, म्हणजे लबाड).

पण भाऊ, एक लक्षात घ्या. तेरावा प्रकार ताईंच्या केसला सरळ लागत नाही. त्यात खोटं औषध विकणारा अभिप्रेत आहे, आणि ही कंपनी औषध खरंच देते, आजार तेवढा फुगवते. त्यामुळे माझा भर पहिल्या तिघांवर राहील. आधी कंपनीला ईमेलवर लेखी तक्रार, पैसे परत मागा, स्क्रीनचे फोटो जोडा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बरेचदा तेवढ्यानेच काम होते.

कार्डावरून आपोआप पैसे जाण्याबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ ऑक्टोबर २०२१ पासून. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागते, आणि त्यात नाही म्हणायची सोय द्यावी लागते. तो संदेश आला होता काय, ते वडिलांना विचारा.

खडूस_खापरपणजोबा

'रोग मालवेअर'! इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की निदान आपोआप होतं.

क्षारपड

@ॲड_वऱ्हाडी उत्तम माहिती. आरओवाल्याच्या सळ्या कितव्या प्रकारात बसतात?

ॲड_वऱ्हाडी

@क्षारपड ते स्क्रीनवर नाही न घडत मॅडम. ती साधी, आपली जुनी दिशाभूल.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितेय. बरंच काही सापडलंय, क्रमाने सांगते.

अँटिव्हायरस काढला. काढतानाही तीनदा विचारलं, 'नक्की? तुम्ही असुरक्षित व्हाल.' रीस्टार्ट केलं, डिफेंडर आला, पूर्ण स्कॅनला पाऊण तास लागला, काही सापडलं नाही. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते, निकालाला बसतात तसे.

आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा कोपऱ्यात लाल चौकट! माझ्याच पोटात गोळा आला. तीच कंपनी, तेच चिन्ह, 'तुमचं संरक्षण संपलं आहे'. अनइन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर बोलतंय कसं? नीट पाहिलं तर चौकटीत खाली बारीक अक्षरात क्रोम आणि एका भलत्याच साइटचा पत्ता. बाबांनी अभंगांच्या एमपी३ साठी कुठलीशी साइट उघडली होती, तिने 'नोटिफिकेशन दाखवू का?' विचारलं, सभ्य माणूस, हो म्हणाले. तेव्हापासून ती साइट दिवसभर व्हायरसच्या चौकटी पाठवत होती. दाबलं तर त्याच खऱ्या कंपनीचं विक्रीचं पान. म्हणजे निम्म्या चौकटी खऱ्या कंपनीच्या, निम्म्या या आगंतुकाच्या, आणि दिसायला जुळ्या बहिणी.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे असल्या सहा साइट निघाल्या. काढल्या. आता शांत आहे.

@ॲड_वऱ्हाडी दादा, संदेश आला होता. बँकेचा, आदल्या दिवशी, २,४९९ कापले जातील म्हणून. बाबांनी फ्रॉड समजून पुसून टाकला. आणि याहून वाईट म्हणजे विंडोजचं अपडेट त्यांनी महिनाभर पॉज करून ठेवलं होतं. म्हणाले, "तेही 'आत्ताच करा' म्हणत होतं. म्हटलं, आणखी एक आला."

शून्यप्रहर

त्या आगंतुक चौकटी बहुधा दलालांच्या. विक्री झाली की दलाली मिळते, म्हणून कुणीतरी खऱ्या कंपनीच्या नावाने भीती घालतो. विचारलं की कंपनी म्हणणार, आमचा संबंध नाही. गिऱ्हाईक मात्र तिच्याच पानावर येतं.

अपडेटचं वाचून खरंच वाईट वाटलं. त्या लॅपटॉपला खरा धोका होता तो तेवढाच.

संगणकवाला

ताई, नोटिफिकेशनचं हे दुखणं माझ्याकडं आठवड्याला चार-पाच जण घेऊन येतात. दोन मिनिटांचं काम. पैसे घ्यायला लाज वाटते आणि न घेतले तर लोकांना वाटतं काही केलंच नाही. म्हणून मी थोडा वेळ उगाच आत घेऊन जातो.

तिरकस_तिरंदाज

@संगणकवाला, म्हणजे तुमचाही 'हेल्थ चेक' आहेच!

संगणकवाला

@तिरकस_तिरंदाज सापडलो. पण मी १७ सांगत नाही, एकच सांगतो.

लिनक्सबाबा

लिनक्सवर पण क्रोमची नोटिफिकेशनं येतात, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

चिंच_गूळ

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. लिनक्सबाबांनी माघार घेतल्याची तारीख.

कृष्णाकाठ

शेवटचं अपडेट. कंपनीला ईमेल केला, त्यात दादांनी सांगितलेले शब्द वापरले. चार दिवसांनी २,४९९ परत करतोय असं उत्तर आलं. जोडीला 'जाऊ नका' म्हणून ६० टक्के सवलत.

आता एक गंमत. निघताना बाबांनी शंभर पानी वही दाखवली. गेला महिनाभर प्रत्येक चौकटीची नोंद: तारीख, वेळ, किती धोके. रकाने आखून, पट्टीने. २,४९९ गेले त्या दिवशी पुढे 'शून्य' आणि खाली दोन रेघा, उत्तर आल्यावर मारतात तशा. मग ४, ९, १३, आणि नवव्या दिवशी पुन्हा १७. पुढे रोज १७. बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. म्हणाले, "संसर्ग असता तर वाढत गेला असता ना? हा १७ वर येऊन थांबतो कसा?"

मला उत्तर देता आलं नाही.

शून्यप्रहर

काकांना सांगा, प्रश्न अगदी बरोबर पकडलाय. ते रोज त्याच पाच-सहा साइट उघडतात, त्यामुळे ठरावीक कुकीज आणि टेंपररी फायली परत जमतात. व्हीपीएन आणि ईमेलचे दोन तर घेईपर्यंत राहणारच. बेरीज १७. वरचा प्लॅन घेतला असता तर १५ वर थांबला असता.

खडूस_खापरपणजोबा

या गृहस्थांना इथलं सदस्यत्व द्या. आमच्यापैकी एकानेही रकाने आखले नसते.

कृष्णाकाठ

सांगितलं. म्हणाले, "नोंदणी करताना ईमेल मागतायत. आधी वहीत लिहून ठेवतो, मग बघू."